दूध लागल्याचा वास

ताप नाही, खोकला नाही, नाकही मोकळे. तरीही एखाद्या सकाळी घरातले सगळे वास अचानक नाहीसे होतात. या लक्षणाकडे आपण किती उशिरा पाहिले, आणि ते आजही का विसरू नये?

गोष्ट २०२१ सालच्या एप्रिलमधली. गुढीपाडवा होऊन चार-पाच दिवस झाले होते. राज्यात पुन्हा निर्बंध लागले होते, आष्ट्याची बाजारपेठ ओस पडली होती आणि आम्ही सगळे, म्हणजे आई, दादा, वहिनी, त्यांची दोन मुले आणि मी, घरातच होतो. सकाळचा चहा आला. पहिलाच घोट घेऊन पुतण्याने तोंड वाकडे केले, “आई, दूध लागलंय.” दादांनी कप नाकाशी नेला आणि मान हलवली. मलाही वास आला. बुडाला लागलेल्या दुधाचा वास एकदा चहात उतरला की आले घाला, वेलदोडा घाला, तो काही जात नाही. वहिनी तेवढ्या गोंधळल्या. त्यांनी आपला कप हुंगला, आत जाऊन पातेले हुंगले आणि दारात येऊन म्हणाल्या, “मला कसा येईना?”

आम्ही हसलो. दादा म्हणाले, “बरंय, लॉकडाऊनमध्ये घरातलं निदान एक नाक तरी गावाला जाऊन आलं.”

वहिनींनी पुन्हा चहा टाकला. नंतर त्यांनी हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली होती. ही डबी अशी, की कपाटात उघडली तरी ओसरीवर कळावे. काहीही वास आला नाही. सर्दी होणार असेल, असे म्हणून त्यांनी डबी मिटली आणि स्वयंपाकाला लागल्या. हे त्यांनी आम्हाला पुष्कळ दिवसांनी सांगितले. त्या दिवशी अंगात ताप नव्हता, खोकला नव्हता. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा अठ्ठ्याण्णव. मग सांगायचे तरी काय?

दोन दिवस असेच गेले. त्या दोन दिवसांत वहिनींनी आईला नेहमीप्रमाणे वेळेवर जेवण दिले, गोळ्या दिल्या, तिच्या डोक्याला तेल घातले. आईचे वय चौऱ्याहत्तर, साखरेचा जुना त्रास. तिसऱ्या दिवशी दुपारी आईला थंडी वाजून ताप भरला. तपासणीत आई, वहिनी आणि दादा असे तिघे बाधित निघाले. आई अकरा दिवस रुग्णालयात होती, त्यातले सहा दिवस ऑक्सिजनवर. ती परत आली. त्या एप्रिल-मे महिन्यांत आमच्याच गल्लीतली सगळीच माणसे परत आली नाहीत, म्हणून हे वाक्य लिहिताना अजून हात थांबतो.

आजार आईला वहिनींकडूनच लागला की भाजीच्या पिशवीपर्यंत जाऊन आलेल्या माझ्याकडून, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण वहिनींच्या मनाने निकाल देऊन टाकला होता. “भावजी, मला त्या सकाळीच कळायला हवं होतं,” असे त्या कितीतरी दिवस म्हणत. खरे तर कळायला हवे होते मला. अचानक वास जाणे हे कोरोनाचे लक्षण आहे, हे मी तोवर वाचलेले होते, चार लोकांना सांगितलेही होते. पण वाचलेले कागदावर राहिले आणि स्वयंपाकघराच्या दारातून “मला कसा येईना?” असे विचारले गेले तेव्हा मी हसलो. हा लेख त्या हसण्याबद्दल आहे.

यादीत नसलेले लक्षण

थोडे मागे जाऊ या. आष्ट्याजवळच्या इस्लामपुरात (त्याचे नाव आता ईश्वरपूर झाले आहे) २३ मार्च २०२० रोजी चौघांना कोरोनाची लागण झाल्याचे निष्पन्न झाले. महिनाअखेर ही संख्या पंचविसाच्या घरात गेली आणि वाळवा तालुक्याचे नाव देशभरच्या बातम्यांत आले. पेठ-सांगली रस्ता सुनसान झाला. गावोगावी वेशीवर काठ्या आडव्या पडल्या. येणाऱ्याजाणाऱ्याच्या कपाळावर ताप मोजायची ती बंदूक रोखली जाऊ लागली. ताप, कोरडा खोकला, दम लागणे ही तीन लक्षणे शाळकरी मुलांनाही पाठ झाली.

नेमक्या त्याच आठवड्यात लंडनमध्ये एक निवेदन निघाले होते. ब्रिटनमधल्या नाक-कान-घसा तज्ज्ञांच्या संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष प्रा. निर्मल कुमार आणि तिथल्या नासारोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या अध्यक्षा प्रा. क्लेअर हॉपकिन्स यांनी ते काढले होते. दुसरे काहीही होत नसताना ज्यांचा वास अचानक गेला आहे असे रुग्ण एकाएकी वाढले आहेत, दक्षिण कोरिया, चीन, इटली या देशांतूनही तसेच कळते आहे, आणि अशा माणसांनी स्वतःला वेगळे ठेवावे, असा त्याचा आशय होता. घशातला नमुना तपासायला यंत्रे नव्हती, पोशाख नव्हते, अशा वेळी कोणताही खर्च न लागणारी ही खूण होती.

पण सरकारी याद्या हळू चालतात. ब्रिटनने वास जाणे हे लक्षण आपल्या अधिकृत यादीत घातले ते १८ मे २०२० रोजी. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने वास आणि चव जाणे ही लक्षणे उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांत घेतली ती १३ जून २०२० रोजी. म्हणजे टाळेबंदी सुरू होऊन अडीच महिने उलटल्यावर. या विलंबात कुणाचा दुष्टपणा नव्हता. डॉक्टरांनाही एखादी गोष्ट लक्षण म्हणून मानायची तर ती मोजून पाहावी लागते, आणि वास ही मोजायला फार अवघड वस्तू. तापाला तापमापक आहे, दमाला ऑक्सिमीटर आहे. पुढे सप्टेंबरमध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत आशाताई घरोघर फिरल्या तेव्हा त्यांच्याही हातात हीच दोन यंत्रे होती. नाकाला लावायचे यंत्र त्यांच्या पिशवीत नव्हते, कारण तसे सुटसुटीत यंत्र कुणाकडेच नव्हते. ते काम फक्त माणसाच्या तोंडून निघालेल्या एका वाक्याने व्हायचे होते.

मोजणी झाली तेव्हा मात्र चित्र स्पष्ट झाले. बेल्जियम, फ्रान्स, स्पेन आणि इटली या चार देशांतल्या सौम्य आणि मध्यम आजाराच्या ४१७ रुग्णांची पाहणी एप्रिल २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या ८५.६ टक्के रुग्णांनी वासात बिघाड झाल्याचे सांगितले. सुमारे १२ टक्क्यांच्या बाबतीत तर हा बिघाड बाकीच्या लक्षणांच्या आधी आला होता. ब्रिटनमध्ये लाखो लोक मोबाइलवर रोज आपली लक्षणे नोंदवीत होते. त्या नोंदींवरून असे दिसले, की चाचणीत बाधित ठरलेल्यांपैकी सुमारे ६५ टक्के लोकांचा वास किंवा चव गेली होती, आणि ज्यांची चाचणी नकारार्थी आली त्यांच्यात हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. ताप तर कितीतरी रोगांत येतो. मोकळ्या नाकाचा वास एकाएकी जाणे इतके सर्रास घडत नाही. म्हणूनच ही खूण मोलाची होती.

बंद दार आणि रिकामे घर

“सर्दीत वास जातोच की,” असे कुणीही म्हणेल, आणि ते खरे आहे. पण दोन्ही जाण्यांत फरक आहे. वास ओळखणाऱ्या पेशी नाकाच्या पुढच्या भागात नसतात. त्या अगदी वर, डोळ्यांच्या मधोमध, नाकाच्या छताला असतात. जागा जेमतेम काही चौरस सेंटिमीटर, पण तिथे लाखो पेशी दाटीवाटीने उभ्या असतात. सर्दीत नाक चोंदते, शेंबूड साचतो आणि हवा त्या छतापर्यंत पोहोचतच नाही. दार बंद असल्यावर पोस्टमन परत जावा तसा वास परत जातो. नाक मोकळे झाले की टपाल पुन्हा सुरू.

कोरोनात पुष्कळांचे नाक मोकळे होते. दार उघडे, पोस्टमन आत आला, पण पत्र घेणारेच कुणी नाही. असे का व्हावे?

सुरुवातीला अनेकांना धास्ती वाटली होती की विषाणू वासाच्या चेतापेशीच मारतो आणि तिथून थेट मेंदूत शिरतो. अमेरिकेतल्या हार्वर्डमधील संशोधकांनी जुलै २०२० मध्ये दाखवून दिले, की या विषाणूला पेशीत शिरायला जे कुलूप लागते ते वासाच्या चेतापेशींवर नसतेच. ते असते त्यांच्या शेजारच्या आधारपेशींवर. या आधारपेशी चेतापेशींना पोसतात, त्यांच्याभोवतीच्या ओलाव्यातले क्षार सांभाळतात. आपल्या भागातल्या माणसाला हे चटकन समजेल. फडातल्या उसाला कुणी हात लावला नाही, नुसता पाण्याचा पाट फोडला, तरी ऊस माना टाकतोच. विषाणू पाट फोडतो. चेतापेशी जागच्या जागी उभ्या राहतात, पण कामातून जातात. त्यांच्यावरची वास पकडणारी टोके कमी होतात, आणि माणसाला हिंगाच्या डबीत काहीच सापडत नाही.

वास पकडणाऱ्या या टोकांचा, म्हणजे ग्राहकांचा, शोध तसा अलीकडचा आहे. लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी तो १९९१ मध्ये जाहीर केला आणि २००४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या नाकात असे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक असतात. एखादा वास आला की त्यातले काही जागे होतात, काही नाही, आणि त्या जुळणीवरून मेंदू ठरवतो की हे लसूण, हे दूध, हे ओले गवत.

एक गोष्ट वेगळी ठेवायला हवी. गळिताच्या हंगामात आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या परिसरात पाहुणा आला की मळीच्या वासाने नाकाला रुमाल लावतो, आणि आपण त्याला विचारतो, “कसला वास?” हे नाक जाणे नव्हे. सततचा वास मेंदू बाजूला टाकतो, एवढेच. चार दिवस परगावी राहून आलो की वेशीवरच तो वास पुन्हा भेटतो. वास जाणे म्हणजे नेहमीच्या वासांबरोबर नवे, अनपेक्षित, नाकावर आदळणारे वासही जाणे. करपलेले दूध हा असा वास आहे. त्याची सवय कुणाच्या नाकाला होत नाही.

जिभेवर आळ

वहिनींना वास गेल्याचा अर्थ लागेना, त्याचे आणखी एक कारण होते. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, “आज आमटीला चवच नाही.” आम्ही म्हटले, चांगली तर झाली आहे. त्यांनी वरून मीठ घातले.

जेवताना ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा वाटा नाकाचा असतो. जिभेला कळते ते गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसाच्या किंवा टोमॅटोच्या रसात असतो तसा एक भरीव स्वाद. बाकी सगळे, म्हणजे गोडा मसाला, कोथिंबीर, तूप, फोडणी, घास चावताना घशाच्या मागच्या बाजूने नाकात चढते आणि तिथे ओळखले जाते. नाक गेले की गूळ आणि साखर दोन्ही नुसते गोड. कैरी आणि चिंच दोन्ही नुसते आंबट. माणूस जिभेवर आळ घेतो आणि मूळ ठिकाण लक्षातच येत नाही. कोरोनात काहींची खरीखुरी जीभही बधिर झाली होती, हेही खरे. पण चव गेली असे कुणी म्हणाले तर आधी नाक तपासावे.

तिखटाची गोष्ट निराळीच. मिरचीचा ठसका, कांद्याने डोळ्यांत येणारे पाणी, निलगिरीचा गारवा हे वास नव्हेत. त्या झोंबण्याची जाणीव चेहऱ्याची दुसरीच नस मेंदूकडे नेते. आपल्याकडे दृष्ट काढताना चुलीत मिरच्या टाकतात आणि ठसका आला नाही की म्हणतात, दृष्ट लागली होती. त्या समजुतीत जाण्याचे कारण नाही. पण मिरची झोंबली म्हणजे नाक शाबूत आहे, असा निष्कर्ष कुणी काढू नये. वास पूर्ण गेलेल्या माणसालाही मिरचीचा ठसका लागू शकतो. नाकाची परीक्षा घ्यायची तर न झोंबणाऱ्या वस्तूने घ्यावी: चहा-कॉफीची पूड, हिंग, साजूक तूप, उदबत्ती. डोळे मिटून, एकेक नाकपुडी, आणि डबी दुसऱ्याच्या हातात.

पुण्यात मोजलेला वास

वास मोजता येत नाही म्हणून लक्षण मागे पडले, असे वर म्हटले. तो मोजण्याचा एक चांगला प्रयत्न आपल्या पुण्यातच झाला. २०२० साली भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, म्हणजे आयसर पुणे, इथले डॉ. निक्सन अब्राहम आणि त्यांचे सहकारी यांनी बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांबरोबर हे काम केले. त्यांच्या यंत्रातून ठरावीक तीव्रतेचा वास हवेच्या झोताबरोबर रुग्णाच्या नाकापर्यंत सोडला जाई. वास आला की नाही, एवढेच आधी सांगायचे. मग एकामागून एक दोन वास देत आणि विचारत, हे दोन्ही एकच की वेगळे? पहिल्या प्रश्नाने नाक कळते, दुसऱ्याने नाकाबरोबर मेंदूची स्मरणशक्तीही कळते.

या प्रयोगातून जे निघाले ते आमच्या चहाच्या गोष्टीला लागू पडते. ज्यांना स्वतःला काहीच होत नव्हते, ज्यांची नोंद ‘लक्षणे नाहीत’ अशी होती, अशा बाधितांपैकी ८२ टक्क्यांच्या वासात यंत्राला उणेपणा सापडला. म्हणजे दर पाचांतल्या चार जणांच्या नाकात लक्षण होते, पण ते यंत्राने विचारल्यावरच समोर आले.

माणसाला ऐकू येईनासे झाले तर घरातल्यांना तासाभरात समजते. दिसेनासे झाले तर मिनिटात. वास जातो तेव्हा भिंतीला धडकत नाही, हाकेला ओ द्यायचे चुकत नाही. तो गेल्याचे बहुधा दुसऱ्याच्या नाकामुळे कळते, आणि तेही एखादी चूक झाल्यावर. आपल्या घरांत ही चूक सर्वांत आधी उघड होते ती स्वयंपाक करणाऱ्या बाईची. तिच्या हातून दूध लागते, फोडणी करपते, आंबलेली कणीक मळली जाते. आपण चुकीला हसतो किंवा रागावतो आणि लक्षण हातचे निसटते. त्या बाईलाही ‘मला बरे नाही’ म्हणायला ताप लागतो. नुसते नाक गेले म्हणून कोणती सून हातातला स्वयंपाक टाकून खोलीत जाऊन बसेल? आणि बसलीच, तर घरातले काय म्हणतील? विषाणूच्या अभ्यासात हा प्रश्न येत नाही, पण विषाणू घरात पसरला तो पुष्कळदा याच प्रश्नाच्या आडून.

खोडवा फुटतो तसा

आई घरी आली, दादा कामाला लागले, पण वहिनींचे नाक काही परत आले नाही. सुदैवाने बहुतेकांचे परत येते. जगभरातल्या अभ्यासांचा जो एकत्रित आढावा २०२२ साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार महिनाभरात सुमारे ७४ टक्के आणि सहा महिन्यांत सुमारे ९६ टक्के रुग्णांचा वास परतला. पण काही लोकांचा बिघाड दीर्घकाळ टिकतो, आणि त्यात स्त्रियांचे प्रमाण जास्त दिसले. कोट्यवधींना झालेल्या रोगात चार-पाच टक्के हा आकडा लहान नाही.

वास परत येतो त्याचे कारण नाकातली एक दुर्मीळ सोय. शरीरातल्या बहुतेक चेतापेशी एकदा गेल्या की गेल्या. वासाच्या पेशी मात्र जन्मभर नव्याने तयार होत राहतात. ऊस तुटून गेला तरी जमिनीत बुडखे राहतात, त्यांना फुटवे येतात आणि खोडवा उभा राहतो. नाकाच्या छताच्या तळाशीही अशा मूळपेशी असतात. त्यांतून नवी पेशी येते आणि आपला धागा पुन्हा मेंदूतल्या ठरलेल्या जागी नेऊन जोडते.

ही जोडणी कधी कधी अपुरी किंवा चुकीची होते. मग वास येतो, पण भलताच. वहिनींना जुलैमध्ये वास यायला लागले तेव्हा आम्ही आनंदलो, पण कांदा परतला की त्यांना कुजल्यासारखा वास येई. लसूण, अंडे, कॉफी, भाजलेले काहीही नकोसे झाले. जगभरच्या रुग्णांनी हेच पदार्थ सांगितले आहेत, हे नंतर वाचले. दोन महिने त्या दहीभात आणि काकडीवर राहिल्या आणि बाकीच्यांसाठी नाकाला पदर लावून फोडणी देत राहिल्या. “काय नखरे,” असे बाहेरचे कुणी म्हणालेही. नखरे नव्हते ते. बिघडलेली जोडणी होती, आणि सुधारत असल्याचीही ती खूण होती.

यावर खात्रीचे औषध नाही. पण एक साधा सराव आहे, आणि तो आपल्या स्वयंपाकघरातला वाटावा इतका जवळचा. जर्मनीतल्या ड्रेस्डेन इथले प्रा. थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये तो मांडला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास रोज सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी दहा सेकंद, हुंगायचे. किमान बारा आठवडे. नुसते हुंगायचे नाही, तर मनात तो वास आठवत हुंगायचे. सर्वांना गुण येतोच असे नाही, पण काहींना येतो आणि अपाय होत नाही. आमच्या देवघराशेजारच्या फळीवर चार डब्या आल्या. संध्याकाळी दिवा लागला की वहिनी डोळे मिटून लवंगेची डबी नाकाशी धरत, आणि आई जपमाळ थांबवून त्यांच्याकडे पाहत बसे.

हा सराव म्हणजे विषाणूवर उतारा नव्हे, हेही सांगायला हवे. २०२१ च्या उन्हाळ्यात कापूर, ओवा, लवंगेची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो, नाकात लिंबू पिळले की विषाणू मरतो, असे निरोप मोबाइलवर फिरत होते. त्यात तथ्य नव्हते, आणि नाकात काही ओतणे तर धोक्याचेच.

आज काय लक्षात ठेवायचे?

विषाणू बदलत गेला तसे हे लक्षणही मागे पडले. ब्रिटनमधल्या नोंदींनुसार डेल्टाच्या लाटेत ५२.७ टक्के रुग्णांनी वास गेल्याचे सांगितले होते. ओमायक्रॉनच्या लाटेत हे प्रमाण १६.७ टक्क्यांवर आले. म्हणून वास शाबूत आहे म्हणजे आजार नाही, असे मानू नये. पण उलट बाजू आजही खरी आहे. मोकळ्या नाकाचा वास एक-दोन दिवसांत एकाएकी गेला, तर ती विषाणूसंसर्गाची खूण असू शकते. कोरोनाच नव्हे, फ्लू आणि साध्या सर्दीच्या विषाणूंनंतरही काहींचा वास दीर्घकाळ जातो, हे नाक-कान-घसा तज्ज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होते.

असे झाले तर घरात सांगावे, लगेच. घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून, मधुमेही आणि अशक्त माणसांपासून चार-पाच दिवस लांब राहावे, तोंडाला मुखपट्टी लावावी, डॉक्टरांना विचारून तपासणी करावी. दोन-तीन आठवड्यांत वास परतला नाही तर तज्ज्ञाला दाखवावे, कारण वास जाण्याला डोक्याचा मार, नाकातले कोंब, काही मेंदूचे आजार अशी इतर कारणेही असतात. आणि वास नसलेल्या माणसाला एकट्याने गॅसपाशी सोडू नये. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचा पदार्थ मिसळलेला असतो. ज्याचे नाक गेले त्याच्यापुरती ती सोय बंद पडते. वहिनींच्या नाकाच्या काळात रात्री सिलिंडरची कळ फिरवायचे काम पुतण्याकडे होते. शिळे अन्न हुंगून पाहायचे काम माझ्याकडे.

हे सारे यादीतले झाले. यादीबाहेरची एक गोष्ट अशी, की घरातल्या कुणी “मला कसा येईना?” असे विचारले तर हसू नये. थांबून विचारावे, कधीपासून? या एका प्रश्नाला पैसे पडत नाहीत आणि तो तापाच्या बंदुकीला विचारता येत नाही.

वहिनींचे नाक पूर्ण सुधारायला जवळजवळ वर्ष गेले. आधी लिंबू आले, मग लवंग. दिवाळीनंतर गुऱ्हाळे पेटली तेव्हा उकळत्या रसाचा वास त्यांना पुसट आला. कांदा मात्र फार दिवस रुसून होता. आम्हीही विचारायचे सोडून दिले होते, कारण रोज विचारले की त्यांना परीक्षेला बसल्यासारखे वाटे.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी मी वर्तमानपत्र वाचत ओसरीवर बसलो होतो. वहिनी परसात धुणे वाळत घालीत होत्या. चुलीपाशी आई होती, आणि आईचा डोळा लागला होता. एकदम परसातून आवाज आला, “अहो, दूध बघा कुणीतरी, लागतंय!”

आम्हाला कुणालाच तो वास अजून आला नव्हता. दादा धावत आत गेले आणि पातेले उतरवून ठेवले. दूध खरेच बुडाला धरू लागले होते. या वेळी कुणी हसले नाही. आईने डोळे पुसले, आणि त्या दिवशीचा चहा, थोडा करपट असूनही, सगळ्यांनी दोनदा घेतला.